दाखल्यापुरती शुद्धता

वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात परदेशांतून जो कच्चा हिरा येतो, त्याच्यासोबत एक सरकारी दाखला येतो. हा हिरा ‘संघर्षाचा’ नाही, अशी ग्वाही निर्यात करणाऱ्या देशाचे सरकार त्यात देते व ती पाहून आपले सरकार मालास प्रवेश देते. पुढे सुरतेत त्याला पैलू पडतात, मुंबईतून तो जगाच्या पेठेत जातो आणि जव्हेरी तो निःशंक मनाने गिऱ्हाइकास विकतो. या ग्वाहीचे मोल किती, हे मुंबईने तरी तपासून पाहिले पाहिजे.

दाखल्याची ही पद्धत ‘किंबर्ली प्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते. अंगोला व सिएरा लिओन येथील बंडखोर हिरे विकून शस्त्रे खरेदी करीत. त्यास पायबंद घालावा म्हणून मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे विचारविनिमय सुरू झाला, आणि जानेवारी २००३ पासून ही योजना अमलात आली. हेतू स्तुत्य होता व त्यास काही यशही आले. परंतु योजनेच्या व्याख्येतच एक मोठी पळवाट राहून गेली. वैध सरकार उलथून पाडण्यासाठी बंडखोर ज्या हिऱ्यांचा पैसा वापरतात, तेवढेच हिरे त्याज्य ठरले. सरकारच्याच बंदुकीखाली खणलेल्या हिऱ्यांचा तीत उल्लेखच नाही.

याचे फळ झिंबाब्वेत दिसले. २००८ च्या अखेरीस मारांगे येथील हिऱ्यांची जमीन ताब्यात घेताना लष्कराने दोनशेहून अधिक लोक ठार केले, असे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने चौकशीअंती नोंदविले. २००९ मध्ये किंबर्लीच्या पाहणी पथकालाही लष्करी अत्याचारांच्या साक्षी मिळाल्या. तरी झिंबाब्वेचे सभासदत्व अबाधित राहिले; केवळ मारांगेच्या निर्यातीवर काही काळ निर्बंध आले, व नोव्हेंबर २०११ मध्ये तेथील हिऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात ही योजना घडविण्यात पुढाकार घेणारी ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था तीतून बाहेर पडली. याउलट २०१३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बंडखोरांनी सत्ता घेताच त्या देशाची निर्यात दोन महिन्यांच्या आत स्थगित झाली. मरणारी माणसे दोन्हीकडे सारखीच गरीब होती. फरक होता तो मारणाराच्या गणवेशाचा.

ज्याची परीक्षा व्हावयाची तोच परीक्षक असला की याहून निराळे घडणे कठीण. किंबर्लीचे निर्णय सर्वसंमतीने होतात; म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याही हाती नकाराधिकार असतो. २०२३ मध्ये तर या प्रक्रियेचे अध्यक्षपद खुद्द झिंबाब्वेकडे होते.

आपले हातही यात अगदी कोरडे नाहीत. मारांगेत गोळीबार झाला त्या २००८ साली अध्यक्षपद भारताकडे होते. २०१९ मध्ये ते पुन्हा आपल्याकडे आले, आणि त्या वर्षी दिल्लीच्या अधिवेशनात व्याख्या व्यापक करण्याचा प्रयत्न सर्वसंमतीअभावी फसला. आपल्या देशात दाखल्यांचे काम सरकारने रत्ने व आभूषणे निर्यात संवर्धन परिषदेकडे सोपविले आहे. निर्यात वाढविणे हेच जिचे कार्य, तिच्याकडे मालाच्या कुळाची चौकशीही सोपविणे कितपत उचित, याचा विचार व्हावयास हवा.

पाश्चात्त्य राष्ट्रांची नीतिमत्ता सोयीची असते, आणि निर्बंधांचा भार सुरतेच्या कारागिरावर पडतो, असे यावर सांगण्यात येते. हा आक्षेप पोकळ नाही. २०२४ मध्ये सात धनाढ्य राष्ट्रांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा त्याची झळ आपल्या कारखान्यांना लागलीच. परंतु आपण स्वतः मालाची पारख केली नाही, तर ती इतर लोक त्यांच्या सोयीने करतील, हाच त्या अनुभवाचा धडा आहे. कारागिराचे हित सांभाळावयाचे तर आपल्या मालाबद्दलचा विश्वास आपणच कमावला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये उद्योग व मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे एकमताने मान्य केली. मानवी हक्कांचे संरक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, हा त्यांचा पाया होय. त्याच धोरणाने आपल्या सरकारने आयातीच्या प्रत्येक देशातील खाणींच्या स्थितीचे मूल्यमापन व्यापारी संस्थांपासून अलिप्त अशा यंत्रणेकडून करवावे, ते दरवर्षी संसदेपुढे ठेवावे, आणि किंबर्लीच्या व्याख्येत सरकारी सैन्याच्या अत्याचारांचाही समावेश व्हावा असा आग्रह धरावा. जगातील बहुतांश हिरे ज्या देशात पैलू पाडून घेतात, त्या देशाचा शब्द सहजासहजी डावलता येणार नाही. तो शब्द उच्चारण्याचे धैर्य दिल्लीने दाखवावे, अशी आमची अपेक्षा आहे.