परकी सरकारें आणि विद्यापीठांतील वाणी

परक्या राज्यसत्तेचा हात विद्यामंदिरांत शिरूं देऊं नये, याविषयीं दुमत नाहीं. मतभेद आहे तो हा हात ओळखावा कसा आणि आवरावा कसा, याविषयीं. मोहोळसारख्या तालुक्याच्या गांवांतून आमचे विद्यार्थी उद्यां सोलापूर, पुणें, मुंबई येथील विद्यापीठांत जावयाचे आहेत. म्हणून हा विषय त्यांच्यापुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९०५ सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली, तेव्हां फर्ग्युसन कॉलेजानें विद्यार्थी सावरकर यांस १० रुपये दंड करून वसतिगृहांतून काढिलें. दंड करणारे प्रिन्सिपॉल रँग्लर परांजपे हे कोणी इंग्रज नव्हते; आपल्यांतलेच, मोठे विद्वान् गृहस्थ. कॉलेजही एतद्देशीयांनींच स्थापिलेलें. मग परक्या सरकारचा धाक तेथवर पोंचला कसा? आमच्या मतें, बहुतांशीं ग्रँटच्या वाटेनें. पुढें १९०७ सालीं रिस्ले यांच्या परिपत्रकानें हा धाक लेखीच करून टाकिला: राजकीय सभांस जाणाऱ्या मुलांस व शिक्षकांस न आवरणाऱ्या संस्थांची ग्रँट आणि मान्यता धोक्यांत आली. परक्या सत्तेस वर्गावर्गांत शिपाई उभा करावा लागत नाहीं. चालकांच्या मनांत जमाखर्चाची वही उघडली म्हणजे पुरे होतें. आम्ही मिशनच्या शाळांत वाढलेलीं माणसें. ग्रँट म्हणजे काय, हें आम्हांस कोणीं शिकवावयास नको. ज्या अमेरिकन बोर्डाचें मिशन सोलापुरासही होतें, त्याच बोर्डाचे मदुरेकडील मिशनरी कीथान यांनीं १९३० सालीं गांधीजींचें पत्र व्हाइसरॉयांकडे नेणाऱ्या रेनॉल्ड्स या इंग्रज तरुणाचा पाहुणचार केला, एवढ्यावरून त्यांस हा देश सोडावा लागला.

आतां आजची गोष्ट. मुंबई विद्यापीठांत एका चिनी विद्यापीठाच्या सहकार्यानें कन्फ्यूशियस संस्था चाले, व तींत चिनी भाषा शिकवीत. २०२० सालीं गलवानच्या चकमकीनंतर केंद्र सरकारनें अशा संस्थांची तपासणी हातीं घेतली. तपासणीस आमचा आक्षेप नाहीं. चिनी भाषेसही नाहीं. ज्या सोलापुरांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले, १९३८ सालीं चीनला जाऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ सालीं तेथेंच वारले, त्या सोलापूरकरांनीं चिनी अक्षरांस भ्यावें कशाला? परंतु डॉक्टरांस पाठविणारी राष्ट्रसभा होती, आणि त्यांच्या जाण्याच्या मोबदल्यांत तिनें कोणाचें तोंड बंद केलें नव्हतें. परक्या सरकारच्या देणगीची परीक्षा हीच. तिच्या वर्गांत तिबेटाविषयीं, १९८९ च्या तियानानमेन चौकाविषयीं विद्यार्थ्यास मोकळेपणीं विचारतां येतें काय? अमेरिकेंत शिकागो विद्यापीठाच्या शंभरावर प्राध्यापकांनीं अशा संस्थेविरुद्ध अर्ज केला, आणि २०१४ सालीं विद्यापीठानें तिच्याशीं संबंध सोडिला. हें काम प्राध्यापकांनीं केलें, पोलिसांनीं नव्हे. हें आम्हांस विशेष वाटतें.

आमच्याकडे मात्र रोगापेक्षां औषध जालीम झालें. जानेवारी २०२१ मध्यें शिक्षण मंत्रालयानें हुकूम काढिला कीं, सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनीं परदेशी विद्वानांसह ऑनलाइन परिषद भरविण्यापूर्वीं संमति घ्यावी, आणि देशाची सुरक्षा, सीमा, काश्मीर, लडाख, एवढेंच नव्हे तर निव्वळ अंतर्गत बाबी, यांस तींत स्थान नसावें. अंतर्गत बाब म्हटली कीं दुष्काळही आला, जातिभेदही आला. विज्ञान-अकादमींनीं हरकत घेतली व फेब्रुवारींत तो हुकूम मागें घेतला गेला, हें सुदैव. परक्यानें आमच्या वर्गांत गप्प बसवावें हें वाईट. परक्याच्या भयानें आम्हींच गप्प बसवावें हें कमी वाईट कसें?

आमचें म्हणणें इतकेंच कीं, पहारा बसवावयाचा तो करारावर बसवावा. पैसे कोणाचे, शिक्षक नेमणार कोण, पाठ्यक्रम ठरविणार कोण, वाद झाल्यास निकाल कोण देणार, हें सर्व छापून सर्वांस वाचावयास ठेवावें. २००४ सालीं स्थापन झालेलें सोलापूरचें विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतें आहे; परंतु परदेशी पाहुणा तेथें येणारच नाहीं असें नाहीं. त्याच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधि निवडून धाडतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं किती जणांनीं ही नोंदणी केली असेल? ज्यांनीं केली नसेल त्यांनीं यंदां करावी, आणि असा करार झाला तर आपल्या प्रतिनिधीमार्फत तो मागवून एकदां अथपासून इतिपर्यंत वाचावा.