सातवी सीट कुणीकडं तोंड करून आहे?



पेन्शन जवळ आली की फौजीला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गावाकडं घर बांधलंस का, आणि गाडी कोणती घेणार? घराचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. गाडीच्या उत्तरासाठी मात्र तेजपूरच्या पोस्टिंगमध्ये दोन महिने घालवावे लागले, आणि एकदा जवळजवळ फसलोही. हल्ली तीन-चार माजी सैनिकांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : "साहेब, फॅमिलीला फिरवायला जुनी सात सीटर फोर बाय फोर घ्यायचीय, कुठली घेऊ?" म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी बॉनेटकडून निवडू नका, सगळ्यात मागच्या सीटकडून निवडा.

आमचं घर साताऱ्याकडचं. आई, अण्णा, सौ., दोन पोरं आणि मी अशी सहा माणसं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माझी एकही पोस्टिंग बघितली नव्हती. निम्मी नोकरी फील्डमध्ये गेली, तिथं फॅमिली नेता येत नाही. फॅमिली स्टेशन मिळालं तेव्हा कधी आईचं आजारपण, कधी पोरांची शाळा. तेजपूरला आलो तेव्हा अण्णांना त्र्याहत्तरावं लागलं होतं आणि गुडघे बोलायला लागले होते. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना बोलवायचं आणि भालुकपाँग, बोमडिला, दिरांग करत तवांगला न्यायचं, असं ठरवलं. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

बजेट आठ लाख. एवढ्यात नवी सात सीटर फोर बाय फोर येत नाही, म्हणून जुनी शोधायला लागलो.

पहिली गाडी बघितली बाजारातल्या एका डीलरकडं. काळी कुळकुळीत. रुंद टायर, टपावर दिव्यांची पट्टी, पुढं लोखंडी बंपर, बाजूनं वर गेलेला स्नॉर्कल, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा नॉब. किंमत साडेपाच लाख. एक चक्कर मारली आणि मनातल्या मनात मी ती घेऊनही टाकली. टोकन द्यायच्या आधी हौसेनं अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

अण्णांनी बॉनेट बघितलंच नाही. म्हणाले, "मागचं दार उघड."

उघडलं.

"हितं कोण बसणार?"

"पोरं, अण्णा."

"तोंड कुणीकडं करून?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. मागं समोरासमोर घडीच्या आडव्या सीट होत्या. पोरं एकमेकांकडं तोंड करून बसणार. डोकं टेकायला काही नाही, खांद्यावरून येणारा पट्टा नाही.

"आडवा बसलेला माणूस घाटात पहिला ओकतो, आणि ब्रेक मारला की पहिला पडतो," अण्णा म्हणाले. "गाडी चालवणाऱ्याची नसती रं, बसणाऱ्याची असती. दुसरी बघ."

मी टोकन दिलं नाही. पण रात्री झोप लागली नाही, कारण चूक कुठं झाली ते कळलं होतं. मी स्वतःसाठी गाडी बघत होतो आणि नाव फॅमिलीचं लावत होतो.

जुन्या सफारीत, बोलेरोत आणि स्कॉर्पिओच्या अनेक मॉडेलांत तिसरी रांग अशीच आडवी असायची. पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. समोरून धडक बसली की हा पट्टा छाती आणि कमर धरून ठेवतो. आडव्या बसलेल्या पोराला तसं धरायला काही नसतं. त्याचं अंग थेट पुढच्या सीटवर किंवा शेजारच्यावर जातं. म्हणून माझी पहिली अट : तिसरी रांग समोर तोंड करून हवी, प्रत्येक सीटला पट्टा हवा, आणि तो ओढून, लावून बघायचा. एअरबॅग आणि एबीएस आहेत का, तेही विचारायचं. जुन्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलांत ते बऱ्याचदा नसतं.

इथं आपल्या लोकांचा एक ठरलेला युक्तिवाद येतो. "अहो, फौजेत चालते म्हणजे मजबूतच असणार." खरं आहे, २०१७ मध्ये सैन्यानं ३,१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली होती, आणि त्याआधी जिप्सीनं किती वर्षं आपल्याला ओढलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण फौजेच्या गाडीमागं कार डायरी असते, मेंटेनन्सचा ठरलेला दिवस असतो, ईएमईचं वर्कशॉप असतं. डिलरकडच्या गाडीमागं यातलं काय असतं? तेव्हा हिरव्या गाडीचा भरवसा काळ्या गाडीवर टाकू नका.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा आहे. फोर बाय फोर म्हणजे सुरक्षित, असं लोक धरून चालतात. फोर बाय फोर गाडीला चिखलातून, बर्फातून पुढं काढते. थांबवत नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. उतारावर बर्फ असेल तर दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात. फोर बाय फोरवाला फक्त जास्त वर गेलेला असतो. उतारावर कामाला येते ती लो रेंज, कारण तिच्यात इंजिनच गाडी धरून ठेवतं. म्हणून "चारही चाकांना पॉवर आहे" एवढ्यावर थांबू नका. फोर-एल आहे का, ते विचारा. टाटा हेक्सा आणि एक्सयूव्ही ५०० यांच्या चारचाकी ड्राइव्हच्या मॉडेलांत ती नव्हती. गाड्या चांगल्या, कामं वेगळी.

आणि खरंच फोर बाय फोर लागते का, हाही प्रश्न विचारा. महाबळेश्वर, कोकण, गोवा, अगदी गावचा कच्चा रस्तासुद्धा इनोव्हासारखी दोन चाकांवर चालणारी गाडी आरामात करते. पेन्शनीचा एकरकमी पैसा आला की पहिली खरेदी मोठ्या काळ्या गाडीची, आणि मग ती लग्नसराईत दारात उभी, असं मी आमच्या तालुक्यात किती तरी वेळा बघितलंय. त्या गाडीला गिअरबॉक्सशिवाय ट्रान्सफर केस असते, दोन डिफरन्शियल असतात, पुढं जास्तीचा शाफ्ट असतो. वापरा नाहीतर न वापरा, ऑइल सगळ्यांचं बदलावं लागतं. ज्याला डोंगरात राहायचंय, चिखलात शिरायचंय, त्यानंच हा खर्च करावा. माझ्यासमोर पाऊस संपता संपताचा अरुणाचल होता, म्हणून मी केला.

दुसरी गाडी मिळाली बदली होऊन चाललेल्या एका सुभेदार साहेबांची. स्कॉर्पिओ फोर बाय फोर, मधे दोन वेगळ्या सीट, तिसरी रांग समोर तोंड करून. सात लाख चाळीस हजार. या वेळी मी आमच्या वर्कशॉपच्या उस्तादला रविवारी चहाला बोलवलं. तो गाडीभोवती फिरलासुद्धा नाही. "साब, पहले नीचे से देखते हैं," म्हणत थेट खाली शिरला. त्यानं जे तपासलं ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

चेसिसवर नवं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर समजायचं, काहीतरी झाकलंय. कोकणातल्या, समुद्राकाठच्या गाडीचा गंज खालूनच दिसतो. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. प्रोपेलर शाफ्ट हातानं हलवून बघायचा, क्रॉसमध्ये ढिल लगेच कळते. आमच्या गाडीचा पुढचा क्रॉस गेला होता. मालकानंच आधी सांगितलं, म्हणून माझा विश्वास वाढला.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. मागचे नवे आणि पुढचे गुळगुळीत असतील तर चारही चाकं जोडल्यावर त्यांची चाल जुळत नाही आणि भार ट्रान्सफर केसवर येतो. टायरवरचे चार आकडे वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं.

फोर बाय फोर सुक्या डांबरावर लावून बघू नका. अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, डांबरावर चाक घसरत नाही, आणि सगळा पीळ गिअरमध्ये बसतो. मातीच्या मैदानात न्या, फोर-एच लावा, सरळ चालवा. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-एल. वर्षानुवर्षं कुणी वापरलंच नसेल तर ते बऱ्याचदा अडकतं.

ब्रह्मपुत्रेच्या काठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. दर पावसाळ्यात इथं पूर येतो, आणि पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. डिलर गाडी आतून धुतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाची चिखलाची रेघ बऱ्याचदा तशीच राहते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. आणि सगळ्यात शेवटी घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा विचार करा. पायरी किती उंच आहे, धरायला दांडा आहे का, मागच्या पोरांपर्यंत एसी पोहोचतो का?

आता कागद. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासोबत फॉर्म ३५, राज्य बदलायचं तर फॉर्म २८ ची एनओसी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात आणताना इथला टॅक्स पडतो. तो किमतीत धरूनच सौदा करा. नोकरीत असाल तर बीएच नंबरचा विचार करा. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी नोंदलेली गाडीही त्यात नेता येते. दिल्लीकडची डिझेल गाडी फार स्वस्त मिळाली तर हुरळून जाऊ नका. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये एनजीटीनं बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या देशभर स्वस्तात फिरतायत. एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

क्रॉस, चारही टायर आणि सगळी ऑइलं मिळून माझे सत्तर हजार गेले. ते सौद्याआधीच बाजूला काढून ठेवले होते म्हणून बोचलं नाही.

दिवाळीत सगळे आले. पुढं मी आणि सौ., मधे आई-अण्णा, मागं दोन्ही पोरं, आणि सातव्या सीटवर पट्ट्यानं बांधलेल्या बॅगा. हेही लक्षात ठेवा : सात सीटच्या गाडीत सात माणसं आणि सात माणसांचं सामान एकत्र मावत नाही. जड सामान टपावर टाकलं तर गाडी वळणावर झुकते. वर फक्त अंथरूण-पांघरूण ठेवा.

भालुकपाँगच्या गेटवर परमिट दाखवून निघालो. दिरांगला मुक्काम केला, म्हाताऱ्या माणसांना एकदम उंचीवर नेऊ नये म्हणून. २०२४ च्या मार्चमध्ये सेला बोगद्याचं उद्घाटन झालं, आम्ही जाताना त्यातून गेलो. येताना अण्णांच्या हट्टासाठी जुन्या रस्त्यानं १३,७०० फुटांची खिंड चढलो. अण्णा काचेतून एकेक वळण बघत होते आणि वरून येणाऱ्या ट्रकला साइड कशी द्यायची ते मला सांगत होते. खिंडीत दहा मिनिटं उतरले, फौजी चहा प्यायले आणि म्हणाले, "हितं असायचास व्हय तू?" मी म्हटलं, "याच्याही पुढं." ते काही बोलले नाहीत. गाडीत बसताना त्यांनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न घेता वर चढले.

परत आल्यावर मी हिशेब मांडला. पाच दिवसांत फोर बाय फोर लावली दोनदा, दोन्ही वेळा दरड कोसळून झालेल्या चिखलात, मिळून अर्धा किलोमीटर. तिसरी रांग वापरली पाचही दिवस, प्रत्येक वळणावर. पोरं एकदाही ओकली नाहीत.

तेव्हा फोन करणाऱ्या मित्रांनो, "कुठली घेऊ" याचं उत्तर मी देणार नाही. गाडी बघायला जाताना बायकोला, आईवडलांना, पोरांना सोबत न्या. आधी त्यांना बसवा, पट्टे लावा, अर्धा तास फिरवा. स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही स्वतः सगळ्यात मागं बसा. तिथून गाडी आवडली, तरच खाली शिरून चेसिस बघा.

जय हिंद.