ओळखीचे वतन खालसा करा!

१९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातले कुलकर्णी वतन बंद केले आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती दिले. बापाची लेखणी आपोआप मुलाच्या हाती जाण्याचा काळ तेव्हाच संपला, अशी कोल्हापूरकरांची गोड समजूत आहे. ही समजूत खिशात घालून कुणीही शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारून यावे! फाटकावर भरतीची पाटी लागते, तोवर आतली बरी जागा बहुधा भरलेली असते. कुणाच्या पुतण्याने, कुणाच्या साडूच्या पोराने, कुणाच्या तरी 'आपल्या माणसाने'. उन्हात उभ्या असलेल्या पोराला पहारेकरी पहिला प्रश्न टाकतो, "आत कुणाची वळख हाय काय?" पोराला काय येते, हे विचारायची पाळी पुढे कधीतरी.

आणि समजा, पोरगा आत पोचला. शाहूवाडीकडच्या एखाद्या वाडीतला, आयटीआय झालेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. समोरचे साहेब इंग्रजीत फर्मावतात, स्वतःबद्दल सांगा. क्लासवाल्याने फी घेऊन घोकून घेतलेली 'मायसेल्फ'ची चार वाक्ये तो एका दमात म्हणतो, पाचव्याला अडखळतो आणि कानापर्यंत लाल होतो. साहेब कागदावर शेरा मारतात: आत्मविश्वास कमी. अहो साहेब, त्याला मराठीत एवढेच विचारा, की साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले तर काय होते? पोरगा खुर्चीत सावरून बसेल. "पाण्याची वाफ होते, साहेब. तिला निघायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात. मशीनिंगला गेल्यावर दिसतात, आणि सगळा माल रिजेक्ट." फाउंड्रीला याहून वेगळे काय हवे आहे? लेथवर हात काळे करून शिकलेल्या मिस्त्र्यांनी या शहराचे उद्यमनगर उभे केले. त्यांची मुलाखत या साहेबांनी घेतली असती, तर कोल्हापुरात एक ऑइल इंजिन बनले नसते!

इंग्रजी संपले की मग चौकशी सुरू होते. गाव कुठले? आडनाव काय म्हणालात? वडील काय करतात? मुलगी असेल तर लग्नाचे कधी? या प्रश्नांचा आणि कामाचा संबंध काय, ते एकदा विचारणाऱ्याने सांगावे. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या बड्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांनाच बोलते केले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे शपथेवर सांगणारेच 'घरचे वातावरण' पाहिल्याचे बिनदिक्कत कबूल करत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. सारख्याच पात्रतेचे अर्ज, बदलली ती फक्त नावे. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी भरली. म्हणजे काहींची मुलाखत पाकीट फोडतानाच संपते.

सरकारला निदान खालच्या पदांपुरते हे उमगले. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून 'क' आणि 'ड' गटाच्या व अराजपत्रित 'ब' गटाच्या भरतीतली मुलाखत काढून टाकली, कारण वशिला नेमका त्याच दारातून शिरत होता. खासगी कारखान्यात ते दार सताड उघडे आहे. वर उपदेश कोणता? तर पोरांनो, नेटवर्किंग शिका! कुणाशी करायचे नेटवर्किंग? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवून दिले, की नोकरीची खबर सख्ख्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते. ऊसतोडणी कामगाराच्या मुलीची लांबची ओळख कुठवर जाणार? मुकादमापर्यंत!

शाहू महाराजांनी हे दुखणे ओळखले होते. १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग. या वसतिगृहांत भाकरी आणि दिवा तर मिळालाच, पण खेड्यातल्या पोराला वकील, मामलेदार, शिक्षक जवळून पाहायला मिळाले. अस्पृश्य म्हणून दूर ठेवल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढून देऊन महाराज थांबले नाहीत. स्वतः तिथे चहा घ्यायला गेले आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. संस्थानातली सर्वांत मोठी ओळख त्यांनी अशी भर रस्त्यात, ज्याला कुणीच ओळख देत नव्हते त्याच्यासाठी खर्ची घातली. आजचे आमचे पुढारी तीच ओळख शिफारसपत्रावर सही करून, पुढच्या निवडणुकीच्या हिशेबाने वाटतात.

कारखानदारांनी प्रत्येक जागा पगाराच्या आकड्यासह मराठीत जाहीर करावी, कळंब्याच्या आयटीआयपासून आजऱ्याच्या कॉलेजपर्यंत सर्वांना एकाच दिवशी कळवावी, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत आणि पोराला यंत्रापुढे उभे करून त्याचा हात पाहावा. कॉलेजांनी शेवटच्या वर्षी एक व्याख्यान उरकून प्लेसमेंटचा फोटो छापण्याचा तमाशा थांबवावा. पहिल्या वर्षापासून मुलांना बोलते करा, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर आणून बसवा. आणि पेठांतल्या तालमी? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांची फुटबॉल मॅच म्हटली की एका हाकेत शाहू स्टेडियम भरते. त्याच तालमीच्या कट्ट्यावर महिन्यातून एक संध्याकाळ कामावरची जाणती माणसे नवख्या पोरांबरोबर बसली, तर कुणाच्या बापाचे काय जाते? पोरांनीही "साहेब, बघा की कायतरी" ही लाचारी सोडावी. कोणते काम येते ते मान वर करून सांगा. कोणती जागा आहे ते मान वर करून विचारा.

२६ जुलै १९०२ ला महाराजांनी नोकरीतल्या निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. दरवर्षी महाराजांच्या जयंतीला दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालायला उद्योजकांची रांग लागते. यंदा त्यांनी येताना आपल्या कारखान्यातल्या वर्षभराच्या भरतीची यादी आणावी, आणि प्रत्येक नावापुढे तो कुणाचा कोण ते लिहावे. ज्याला ती यादी चौकात वाचून दाखवता येत नसेल, त्याने हार घरीच ठेवावा.