मांजराला उपाशी राहू देऊ नका
उस्मानाबादी शेळीच्या या धाराशिव जिल्ह्यात शेळी आजारली की लगेच धावाधाव होते. मांजर कोपऱ्यात गप्प बसलं, तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणून सोडून देतात. हे मला सलतं. मांजर, त्यातही लठ्ठ, काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते. डोळे, हिरड्या, कानांची आतली बाजू पिवळी पडते. मग औषधाइतकंच अन्न मोलाचं. डॉक्टरांनी सांगितलेला पातळ आहार बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. घाई केली तर तो श्वासनलिकेत जातो. हे आठवडेच्या आठवडे चालतं, पण वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ मांजरं उठतात. उपचारांसाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.