काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि रुग्णाचा अधिकार

मोतीबिंदूच्या शिबिरांनी खेड्यापाड्यांतील माणसाच्या मनात एक विश्वास रुजविला आहे : पट्टी सोडली की दिसू लागते. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे हे यश कोणी नाकारणार नाही. परंतु काचबिंदूचा रुग्णही हीच आशा घेऊन शस्त्रक्रियेला जातो आणि तेथे त्याची निराशा होते. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातील दाब वाढल्याने, दृष्टीची नस क्षीण होत जाते. गेलेली नजर परत येत नाही. केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेली शस्त्रक्रिया डोळ्यातील पाण्याला नवी वाट करून देते, दाब उतरविते आणि उरलेली दृष्टी राखू पाहते.

हे आधी कोणी सांगितले नाही, तर साधलेली शस्त्रक्रियाही रुग्णाला फसलेली वाटते. तो तपासणीला फिरकत नाही, आणि राखता आली असती ती नजरही गमावतो. रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आलेल्या मजुराला केवळ 'येथे अंगठा उठवा' असे फर्मावणे म्हणजे संमती घेणे नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीपूर्वी पुरेशी माहिती देणे आवश्यक ठरविले आहे. तेव्हा प्रत्येक सरकारी नेत्रविभागात रुग्णाच्या बोलीत समजावून सांगणारा सेवक नेमला जावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांतून लावून धरली पाहिजे.