धुराची तपासणी दरवर्षी, ब्रेकची पंधरा वर्षांनी?

रविवारी अंगणात गाडीची मागची चाकं काढून बसलो होतो. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो, माझ्या गाडीला डिस्क आहे. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजनं चारही चाकांचे पॅड बदलल्याचं बिल घेतलं होतं. बघतो तर डावीकडचा आतला पॅड झिजून नुसता पत्रा राहिलेला!

काम अवघड नाही, पण खाचाखोचा आहेत. मागच्या कॅलिपरला हॅण्डब्रेक जोडलेला असेल तर पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत घ्यावा लागतो. मी अर्धा तास नुसता दाबतच बसलो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, खाली स्टॅण्ड पाहिजे. आणि निघण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

सगळ्यांनी हे घरी करावं असं माझं म्हणणं नाही. पण पीयूसी संपली की दंड, आणि खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं. तोवर ब्रेक बघणं कोणालाच बंधनकारक नाही. हंगामात नरसीच्या रस्त्यावर अंधारात बिनलाईटची उसाची ट्रॉली पुढं आली की मग?

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात गुलाबाची फुलं वाटता, त्याऐवजी मुखेडात एक दिवस चाकं काढून पॅड तपासा की.

तोवर गॅरेजवाल्याकडून जुने पॅड मागून घ्या. मी माझे घेऊन त्या गॅरेजला गेलो होतो. मालक म्हणाला, "भाऊ, पोरगं विसरलं असंल."