बैठकीत त्या गप्प का?

पाड्यावरच्या, वस्तीतल्या मुली आता मानसशास्त्र शिकून नोकरीला लागताहेत, याचं मला भारी कौतुक. ‘जीव घाबरा होतो’ म्हणणाऱ्या बाईचं दुखणं त्यांना चटकन कळतं. पण बैठकीत? तिथे गप्पच! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यात मानसशास्त्रज्ञाचं पदही आहे. मात्र शिबिर कुठल्या गावात, निधी कशावर, हे ठरवताना त्यांना विचारतं कोण? अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना १८९२ची. तिला पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, केनेथ क्लार्क, लाभायला १९७१ उजाडलं. आपणही एवढं थांबायचं? नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच या मुलींना बैठक चालवायला, अंदाजपत्रक वाचायला, साहेबांपुढे ‘हे पटत नाही’ म्हणायला शिकवा. आणि हो, प्रशिक्षण तालुक्यालाच ठेवा. मुंबईला आठ दिवस घरचे सोडतीलच असं नाही.